दिवा द्या, पण नंबर काढून

गेल्या महिन्यात सांगलीत एका बैठकीला गेले होते. पोटाचं डायलिसिस घरी करणाऱ्या रुग्णांना नळीचा जोड अतिनील किरणांनी निर्जंतुक करणारी यंत्रं लोकवर्गणीतून घेऊन द्यावीत का, असा विषय होता. दोन तास लोक बोलले. एक बाजू म्हणत होती, मोठ्या शहरातल्या पेशंटला जे मिळू शकतं ते जतच्या शेतकऱ्याला का मिळू नये? दुसरी म्हणत होती, साबणाने हात धुतले की पुरतं, बाकी सगळा बाजार. दोन्ही वाक्यांना टाळ्या पडल्या. पण ज्या जोडाबद्दल बोलणं चाललं होतं तो रात्री अकरा वाजता, पंखा बंद करून, तोंडाला मास्क बांधून कोण लावतं, आणि लावताना हात चुकला तर पुढे काय करतं, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मी हे काम घरात चार वर्षं केलं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. हा अतिनील दिवा द्यावा, पण चष्मा देतात तसा द्यावा. चष्मेवाटपाच्या शिबिरात आधी नंबर काढतात. ढिगातून उचलून कुणी कुणाच्या नाकावर चष्मा ठेवत नाही. हे यंत्रही ज्याची नजर अधू आहे, ज्याचे हात कापतात, ज्याच्या घरी दिवसातल्या चौथ्या पिशवीच्या वेळी मदतीला कुणी नसतं, अशांसाठी आहे. ते कोणाला लागतं हे ठरवायला रुग्णाच्या घरात जाऊन बघणारं, शिकवणारं, फोन उचलणारं माणूस आधी हवं. ते माणूस नेमायच्या आत दिवे घेतले तर वर्गणी वाया जाईलच, शिवाय एखादं घर दिव्याच्या भरवशावर निर्धास्त होऊन नको ते ओढवून घेईल.

ज्यांनी हे डायलिसिस पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पोटाच्या आतल्या पडद्यालाच गाळणी म्हणून वापरायचं, अशी ही पद्धत. पोटात कायमची एक मऊ नळी बसवलेली असते. तिच्यातून साधारण दोन लिटर साखरयुक्त द्रावण आत सोडायचं, चार-सहा तास ठेवायचं, मग ते बाहेर काढून नवं भरायचं. दिवसातून बहुधा चार वेळा, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. म्हणजे वर्षाला १,४६० वेळा नळीचं टोपण काढून नवी पिशवी जोडायची. त्या क्षणी नळीचं उघडं टोक आणि पोटाची पोकळी यांच्यात एका चिमट्याशिवाय काहीही नसतं. टोकाला बोट लागलं, त्यावर श्वास पडला, पदर घासला, की कातडीवरचे जंतू आत. मग पोट दुखतं, ताप येतो आणि निघणारं पाणी ढगाळ येतं. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस सोसायटीने २०२२ साली सांगितलेलं उद्दिष्ट असं की, एखाद्या केंद्रातल्या दर रुग्णामागे वर्षाला सरासरी ०.४ पेक्षा जास्त वेळा असा संसर्ग होऊ नये. गणित करून बघा. अडीच वर्षांत एक, म्हणजे ३,६५० जोडण्यांमागे फार तर एक. त्यातही काही संसर्ग आतड्यातून येतात, काही नळी कातडीतून बाहेर पडते त्या भोकातून, ज्यांच्याशी जोडाचा संबंधच नाही. ते वजा केले तर माणसाच्या हाताकडून आपण किती अचूकपणा मागतो आहोत हे ध्यानात येईल. रोज देवापुढे दिवा लावणारी बाईसुद्धा साडेतीन हजारांत एकदा वात विसरते.

माझ्या सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. २०१८ मध्ये त्यांचं हे डायलिसिस सुरू झालं. महिन्याला १२० पिशव्या, प्रत्येक दोन किलोच्या वर; खोक्यांची उतरंड माळ्यापर्यंत जायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांपलीकडे गेली, तेव्हा रस्ते बंद झाले. केंद्रावर जाऊन रक्ताचं डायलिसिस करणाऱ्यांचे जे हाल झाले ते ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असतील. आम्ही एका नातेवाइकांच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीला चादर लावून, मोबाइलच्या उजेडात दिवसातून चार वेळा पिशव्या बदलल्या. खाली गढूळ पाणी, वर माशा, नळाला पाणी नाही. तरी अण्णांना काही झालं नाही. संसर्ग झाला तो पुढच्या हिवाळ्यात, आमच्या स्वच्छ, फिनाइलने पुसलेल्या घरात, माझ्या नणंदेच्या मुलीच्या हळदीच्या दिवशी. पाहुणे दाराशी, मी साडी नेसलेली, घाई. टोपण काढताना नळीचं टोक माझ्या बांगडीला निसटतं लागल्यासारखं वाटलं. लागलं की नाही, खात्री नव्हती. मी जोडलं आणि पाणी सोडलं. दोन दिवसांनी पिशवीतलं पाणी ताकासारखं आलं.

त्या वेळी माझ्याकडे यंत्र असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे, आणि दिव्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा इथेच आहे. माणूस थकतो, यंत्र थकत नाही. शिकवणीच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक जण पुस्तकाप्रमाणे हात धुतो. दुसऱ्या वर्षी एखादी पायरी गळते आणि गळली हे कळतही नाही. आटपाडी-जतकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे वाहत्या पाण्याखाली दिवसातून चार वेळा हात धुवा हे सांगायला जीभ रेटत नाही. मधुमेहाने ज्याच्या बोटांची जाणीव गेली आहे आणि डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्याने पाच मिलिमीटरचं टोक कशालाही न लावता दुसऱ्या टोकाच्या भोकात घालावं, ही अपेक्षा क्रूर आहे. आणि ही यंत्रं नुसता प्रकाश टाकत नाहीत. दोन्ही टोकं खाचेत बसवली की यंत्रच ती जुळवतं, त्यामुळे बोट मधे येतच नाही. वृद्ध रुग्ण जास्त असलेल्या जपानमध्ये अशी यंत्रं अनेकांच्या घरी आहेत. हे सगळं खरं आहे. ‘साबण पुरे’ म्हणणाऱ्यांनी आधी अशा आजोबांना एकदा पिशवी लावताना बघावं.

पण प्रकाश म्हणजे जादू, ही समजूत मला त्याहून धोक्याची वाटते. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे इथे थोडं रेंगाळते. उन्हाने जंतू मरतात हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. त्या गोधड्या आणि लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायच्या. डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ साली हे प्रयोगाने दाखवलं. जंतुनाशक दिव्यात पाऱ्याच्या वाफेतून मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे किरण निघतात. सूर्याकडून येणारे असे किरण वरच्या ओझोनमध्येच अडतात, जमिनीवर पोचत नाहीत. दिव्यातले हे किरण जंतूच्या डीएनएमधले शेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटवतात, मग जंतूला आपली प्रत काढता येत नाही. मात्र त्यासाठी पुरेसा डोस लागतो, आणि डोस म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. दिवा जुना झाला की काच मंदावते, तीव्रता उतरते, पण निळसर उजेड तसाच दिसत राहतो. तो निळा उजेड म्हणजे अतिनील नव्हेच. अतिनील आपल्याला दिसत नाही. दिवा पेटला म्हणजे काम झालं, असं घरातलं कुणीही समजेल, आणि दिवा मात्र सहा महिन्यांपूर्वीच निकामी झालेला असेल.

दुसरं, सावली. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतून जात नाहीत, बऱ्याच प्लॅस्टिकमधूनही जात नाहीत. म्हणून या यंत्राला चालणारे जोड वेगळ्या, किरण आत जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिकचे असावे लागतात. पिशव्यांचा पुरवठादार बदलला, की यंत्र कपाटात. जोडावर तेलकट बोटाचा थर असेल, खाचेत कण अडकला असेल, तर त्याच्या मागे लपलेल्या जंतूला किरण दिसतसुद्धा नाहीत. आपल्याकडे घरोघरी अतिनीलवाले पाण्याचे फिल्टर आहेत. महापुरातलं गढूळ पाणी त्यांत सरळ ओतलं तर ते शुद्ध होईल का? आधी गाळावं लागतं. मळ काढायचं काम प्रकाशाचं नाही, आणि मळ काढणं म्हणजेच हात धुणं, टोक स्वच्छ ठेवणं. करोनाच्या काळात बाजारात जांभळ्या दिव्याच्या कांड्या आणि डबे आले होते. लोक त्याखाली भाजी ठेवत, काही जण हातसुद्धा धरत. कातडी आणि डोळे भाजतात म्हणून अतिनील दिव्याने हात निर्जंतुक करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेला तेव्हा सांगावं लागलं होतं.

मग पोटाच्या डायलिसिसमधले संसर्ग खरे कशाने उतरले? १९७० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत रुळू लागली तेव्हा ती संसर्गानेच बदनाम होती. अतिनीलची यंत्रं १९८० च्या दशकात आली. पण मोठा फरक पाडला इटलीत पेरुजाच्या बुओनक्रिस्तियानी यांनी पुढे आणलेल्या वाय आकाराच्या नळीने. एका फाट्याला भरलेली पिशवी, दुसऱ्याला रिकामी. जोड लावल्यावर ताजं द्रावण पोटात न सोडता आधी जोडावरून रिकाम्या पिशवीत वाहू द्यायचं. जोडावर चुकून जे काही आलं असेल ते धुऊन बाहेर जातं, मग पोट भरायचं. आधी धुवा, मग भरा. आपल्या स्वयंपाकघरात घागर भरण्याआधी ती विसळतात, त्यातलीच ही अक्कल. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत या नळीने संसर्ग सुमारे तिपटीने कमी दिसले. आज मिळणाऱ्या जुळ्या पिशव्यांत हेच तत्त्व आहे, आणि नळीच्या टोपणात पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाचा बोळाही असतो. म्हणजे दिव्याला जे काम करायचं आहे त्यातलं पुष्कळसं आधीच झालेलं असतं. त्यावर दिव्याने आणखी किती भर पडते, हे वाय नळीइतक्या ठामपणे सिद्ध झालेलं नाही. दिवा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. पण सरसकट वाटायला हा पुरावा पुरत नाही.

असा घोळ पूर्वीही झाला आहे, तोही सामान्य माणसाकडून नाही. शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने जखमा सडण्यापासून वाचवल्या. शस्त्रक्रियेच्या इतिहासात त्याहून मोठं काम थोडंच असेल. पुढे त्यांनी कार्बोलिकचा फवारा आणला, हवेतले जंतू मारण्यासाठी. शस्त्रक्रियेच्या खोलीत फवाऱ्याचं धुकं भरायचं, डॉक्टर खोकायचे, हातांना चिरा पडायच्या. फवारा डोळ्यांना दिसत होता, आवाज करत होता, म्हणून विज्ञान म्हणजे फवारा असं लोकांना वाटू लागलं. शेवटी कळलं की जखमेला घात करतात ते मुख्यतः हात, हत्यारं आणि पट्ट्या. १८९० साली बर्लिनमध्ये लिस्टर यांनी उघडपणे सांगितलं की हा फवारा आपण सुचवला याची आपल्याला लाज वाटते. एवढ्या मोठ्या माणसाला जे कबूल करता आलं ते आपल्या दात्यांना का करता येऊ नये?

आणि आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर ते प्लेगच्या लशीचं. त्या प्लेगने आपलं काय केलं हे सातारकरांना सांगायला नको. नायगावच्या सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. त्याच वर्षी मुंबईत जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी लस तयार केली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली, आणि एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिन यांनी लस बनवताना कार्बोलिकऐवजी उष्णतेवर भर दिला होता, म्हणून सगळा ठपका त्यांच्यावर आणि त्यांच्या प्रयोगशाळेवर आला. कोणतं जंतुनाशक चांगलं, यावर वर्षानुवर्षं खल झाला. खरी गोष्ट एवढीच होती की गावात बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. आजच्या आपल्या चर्चेचं चित्र मला त्यात हुबेहूब दिसतं. वाद रसायनाचा, आणि घात झाला तो बूच काढण्याच्या एका क्षणात. त्या मदतनिसाला ‘चिमटा पडला, थांबा’ असं म्हणण्याची मुभा असती तर?

हाच मुद्दा ‘हात धुतले की पुरे’ म्हणणाऱ्यांनाही लागू आहे. हात धुवा असं सांगितल्याने हात धुतले जात नाहीत. अमेरिकेत मिशिगनमधल्या अतिदक्षता विभागांत डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी दिली: हात धुणं, पूर्ण झाकून काम करणं, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने कातडी पुसणं, जांघेतली शीर टाळणं, आणि गरज संपलेली नळी ताबडतोब काढणं. २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. नळीतून होणारे रक्तसंसर्ग दोन तृतीयांशांपर्यंत उतरले होते. पाचांपैकी एकही गोष्ट नवी नव्हती. नवं होतं ते एवढंच, की डॉक्टरने पायरी गाळली तर त्याला थांबवायचा अधिकार परिचारिकेला दिला होता. आपल्याकडे एखादी सिस्टर ‘सर, थांबा, हात धुतले नाहीत’ असं म्हणू शकते का? आणि घरी, सून सासऱ्यांच्या नळीला बांगडी लागली हे कुणाला सांगू शकते का?

मी सांगितलं नव्हतं. यात पंख्याचा, पाण्याचा, दिव्याचा काही दोष नव्हता. टोकाला काही लागलं अशी शंका आली तर चिमटा बंद ठेवायचा, पाणी आत सोडायचं नाही, केंद्राला फोन करायचा. ते नळीचा बाहेरचा तुकडा बदलून देतात. पाणी आत गेलं असेल तर आधीच प्रतिजैविक सुरू करतात. हे मला शिकवलेलं होतं. पण त्याआधी एकदा अशाच शंकेने फोन केला होता, तेव्हा पलीकडून ‘तुम्हाला एवढंही जमत नाही का’ असं ऐकलं होतं. हळदीच्या दिवशी ते वाक्य माझ्या कानात होतं. अण्णा अकरा दिवस दवाखान्यात होते. त्यांनी मला शब्दाने दुखावलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी म्हणाले, “पोरी, बांगड्या काढून ठेवत जा.” तेव्हापासून बांगड्या माळ्यावरच्या खोक्यात राहिल्या.

घरात यंत्र असतं तर मी त्या दिवशी निश्चिंतपणे जोडलं असतं, हेही मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. दिव्याने कदाचित अण्णांना त्या संसर्गापासून वाचवलं असतं. कदाचित दिवा जुना झालेला असता आणि मी शंकाही घेतली नसती. पण फोन उचलणारी, न रागावणारी एक सिस्टर असती तर पाणी आत गेलंच नसतं, यात मला कदाचित म्हणावंसं वाटत नाही.

पगारापेक्षा यंत्र घेणं सोपं असतं, हेही मला कळतं. यंत्रावर दात्याचं नाव घालता येतं, फोटो निघतो, हिशेब एका पावतीत संपतो. परिचारिकेचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि तिचं काम कुठे दिसत नाही. संसर्ग झाला नाही याचा फोटो कसा काढणार? मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय उभारलं तेव्हापासून आपल्या भागाला खाटेपर्यंतचा इलाज मिळत आला आहे, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण पोटाचं डायलिसिस खाटेवर होत नाही. ते पाटणच्या डोंगरातल्या वस्तीवर, जतच्या पत्र्याच्या खोलीत, माझ्यासारखीच्या हातून होतं. तिथवर जाणारं माणूस नसेल तर नुसती वस्तू पाठवून काय साधणार?

तसं माणूस गेलं तर दिव्याचा प्रश्न आपोआप सुटायला लागेल. ती परिचारिका घरात बसून पिशवीची एक पूर्ण अदलाबदल बघेल. हात कापतात का, टोक दिसतं का, जनावरं कुठे बांधली आहेत, वीज किती तास असते, लोड शेडिंगमध्ये बॅटरी टिकेल का, रात्रीची पिशवी कोण लावतं. काही घरांत तिला दिसेल की चांगला बल्ब, एक आरसा आणि हात चोळायची अल्कोहोलची बाटली एवढ्याने काम भागतं. काही घरांत ती म्हणेल की इथे यंत्राशिवाय चालणार नाही, आणि तिथे ते उद्या पोचलं पाहिजे, अगदी त्यासाठी कर्ज काढावं लागलं तरी. वर्षातून एकदा दिवा तपासायची तारीखही तिच्याच वहीत असेल.

पुढची बैठक येत्या रविवारी आहे. मी एकच ठराव मांडणार आहे. पहिल्या वर्षाचा निधी दोन परिचारिकांच्या पगाराला, त्यांच्या दुचाकीच्या पेट्रोलला आणि रात्री चालू राहणाऱ्या एका फोनला द्यायचा. दिवे कोणाला द्यायचे त्याची यादी त्या दोघी दिवाळीपर्यंत करतील. जेवढी नावं येतील तेवढे दिवे घ्यायचे, आणि पैसे कमी पडले तर पुन्हा वर्गणी मागायला घरोघरी मी स्वतः जाईन.